दीड फेरी

शनि., ३ जानेवारी

बोट पुन्हा बंद पडली. तळ्याच्या मधोमध.

काठावर दहा-अकरा माणसं बघत होती. ते जास्त वाईट. नायलॉनच्या दोरीने ओढून आणली. पायरीपाशी आली आणि मोटर आपोआप सुरू! जसं काही झालंच नव्हतं.

खंडोजीराव म्हणाले, "मेडम, तुमच्या पुण्याच्या बोटीला आमचं पाणी सोसत नाही." मी अकोल्याची आहे. किती वेळा सांगायचं? इथे म्हैसूरला महाराष्ट्रातून आलेलं प्रत्येक माणूस पुण्याचं.

हिनकलला घरी पोचेपर्यंत गुडघे संपले. बोट सात किलो, बॅटरी वेगळी.

रवि., ४ जानेवारी

हे सगळं मिलिंदच्या पँटमुळे. खंडोजीरावांच्या दुकानात पँट आखूड करायला टाकली आणि बोलता बोलता माझी बोट देऊन आला. "माझी बायको रिमोटच्या बोटी बांधते." झालं. पुढच्या रविवारी मंडळी दारात. सगळी शिंपी घराणी, दोन-तीनशे वर्षांपासून इथली. घरात मराठी, मध्येच कन्नड, परत मराठी. वरुणाच्या रस्त्यावर त्यांचं लहानसं विठ्ठलाचं देऊळ. मागे पायऱ्यांचं तळं, ज्याला ते कल्याणी म्हणतात. माघी पौर्णिमेला देव तराफ्यावर बसून तळ्यात तीन फेऱ्या घ्यायचा. तेप्पोत्सव. नऊ वर्षांपूर्वी त्या तराफ्यावर एक माणूस शॉक लागून गेला. तेव्हापासून फाटकाला कुलूप. कुणी पाण्यात उतरायचं नाही असा ठराव.

आता वीतभर पितळी मूर्ती आणि माझा टग. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी बुटकी बोट, तिची प्रतिकृती. रुंद, संथ. देवाला बसायला जागा आहे.

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते आठवत नाही. बहुधा नाही म्हणण्याचा कंटाळा.

मंग., ६ जानेवारी

पहिल्यापासून सुरुवात केली. बॅटरी — १२.६ व्होल्ट. मोटर चालू असताना ११.९. ठीक. फ्यूज ठीक. स्विचच्या मागचा एक डाग फुटका वाटला, पुन्हा झाळला. शिशाचा थेंब टेबलावर, टेबलक्लॉथला भोक. मिलिंद म्हणाला, "देवाच्या नावावर टाक."

गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत तासभर चालवली. एकदाही थांबली नाही.

बुध., ७ जानेवारी

आजही गच्चीवर तासभर. थांबत नाही. हाच वैताग!

शनि., १० जानेवारी

तळं. पहिली फेरी नीट. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या पायऱ्यांजवळ वळली आणि थांबली. दोरी ओढली. जवळ आली, चालू झाली.

सोयराबाई पायरीवर बसून होत्या. जो गेला, वेंकटरमण, त्याची आई. ऐंशी पार. बोटीवरचा मंडप त्यांनीच शिवला आहे. चार काठ्यांवर छत आणि चारी बाजूंनी डेकपर्यंत उतरलेले पडदे. स्वतःच्या लग्नाची म्हैसूर सिल्क कापून! सोन्याच्या जरीचा पदर अखंड तीन बाजूंना फिरवला आहे. टाके दिसत नाहीत. मंडप देवळातच असतो, कुलपात. चाचणीच्या वेळी त्या स्वतः आणून चढवतात आणि स्वतः उतरवून नेतात.

बोट थांबली की त्या मान खाली घालतात. एवढंच. मग विचारतात, "किती झाल्या?"

"दीड, आजी."

दीड म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. खंडोजीराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "दीड म्हणू नका. वेंकटा गेला तेव्हा दीडच झालेल्या. अर्धीवर राहिलं ते राहिलं." मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "बघा, मी आताच सांगतो. पौर्णिमेला देव मधे अडकला तर पुढच्या महिन्यात तळ्यावर स्लॅब. वर हॉल. लग्नं लागतील, मुंजी होतील. ते काय वाईट?"

सोयराबाई म्हणाल्या, "आधी तीन होऊ दे की. मग तुझं काय ते बांध."

खंडोजीराव वाईट नाहीत. थकले आहेत. आम्ही सगळेच.

रवि., ११ जानेवारी

मोटरच्या ठिणगीने रिमोटच्या रेडिओला त्रास होतो, हे मीच कधीतरी लिहिलं होतं. हेब्बाळच्या कारखान्यात अठरा वर्षं मोटरींची माहितीपुस्तकं लिहिली. शेवटचं प्रकरण नेहमी माझ्याकडे. दोष, संभाव्य कारण, उपाय. तीन रकाने. साहित्यात एम.ए. करून हे केलं, याचं लोकांना हसू यायचं. मला नाही. त्या रकान्यांत एकही विशेषण लागलं नाही.

ती ठिणगी शोषायला मोटरला तीन लहान कपॅसिटर झाळले. मंडपातल्या दिव्यांना वेगळी बॅटरी दिली. आधी ते रिसीव्हरच्याच वाट्याचं खात होते. रिसीव्हर म्हणजे बोटीतला कान, तो तळातून उचलून वर डेकला खालून टेकवून लावला. पाण्याच्या पातळीखाली त्याला ऐकू येत नाही.

पाठ भरून आली. मिलिंद म्हणतो, "डॉक्टरकडे जा." म्हटलं, पौर्णिमेनंतर. "सगळं पौर्णिमेनंतर. मी पण." आणि कुकर लावायला गेला.

बुध., १४ जानेवारी

संक्रांत. चैत्रा आली, वेंकटरमणची मुलगी. हेब्बाळलाच आयटीत आहे. तिळगूळ नाही, इथली पद्धत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ, गुळाचे खडे, खोबरं, शेंगदाणे, पुडीत. उसाचा तुकडाही आणला होता. मराठी बोलायची हौस आहे, शब्द अपुरे. "आंटी, आज्जीला तुम्ही जरा — धीर? धीर म्हणतात ना? तो द्या. माझं ऐकत नाही. मी बोलले की म्हणते, तुझं मराठी आधी शीक."

मग तिनेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तेव्हा ती तेरा वर्षांची. तराफा बांबूचा, पण दिव्यांसाठी त्यावर लोखंडी पाइपांची चौकट. काठावरून वायर पाण्यातून ओढलेली. जोडावर टेप नव्हती, कापडाची चिंधी गुंडाळलेली. शिंप्यांच्या घरात चिंध्या पुष्कळ. चिंधी भिजली. वडील देवावर छत्री धरून उभे होते, एक हात पाइपाला. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर आरती सुरू झाली आणि दिवे लावले. "लाइट आले, आंटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा पडले, तरी टाळ्या चालू होत्या."

दिव्यांचं काम घेणाऱ्यावर केस झाली. तो गाव सोडून गेला.

ती गेल्यावर पुडी उघडली नाही. उद्या.

गुरु., १५ जानेवारी

काही केलं नाही. झोपून होते.

शनि., १७ जानेवारी

आज सोयराबाईंना ताप, म्हणून मंडप आला नाही. कुलपाची किल्ली त्यांच्याकडे. खंडोजीराव म्हणाले, "तसंच चालवा, उगीच सगळ्यांची खेप वाया." देवाच्या जागी वजनाला पाण्याची बाटली ठेवली.

एक फेरी. दोन. तीन. सात फेऱ्या! पलीकडच्या पायऱ्यांजवळ मुद्दाम दोन मिनिटं थांबवून ठेवली. हूं नाही की चूं नाही. बावीस मिनिटं.

खंडोजीराव खूश. "झालं मेडम, तुमचे कपॅसिटर लागू पडले!" मी हसले. मला आनंद झाला नाही. घरी तासभर चालायची तेव्हाही मंडप नव्हता. थांबली, तेव्हा प्रत्येक वेळी होता. मी इतके दिवस पाण्याला दोष देत होते. फरक पाण्याचा नव्हता. कापडाचा होता.

रवि., १८ जानेवारी

चैत्राकडे मंडप मागितला. तिने डब्यात घालून आणला, आजीला न सांगता.

मीटर लावला. एक टोक पदराच्या या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात, मध्ये हातभर अंतर. मीटर वाजला. म्हणजे तार सलग!

खरी जरी. चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. साठ वर्षांनंतरही तुटलेली नाही. तीन बाजूंनी धातूची भिंत, तळाशी रिसीव्हर. जरी नसलेली बाजू माझ्याकडे असते तेव्हा त्याला रिमोट ऐकू येतो. पलीकडे वळली की पदर मध्ये येतो, रिसीव्हर बहिरा. बहिरा झाला की मोटर बंद करायची, हे त्याला शिकवलेलंच आहे. जवळ ओढली की पुन्हा ऐकू येतं.

दोष: बोट थांबते. कारण: सोयराबाईंची साडी.

चैत्रा म्हणाली, "पॉलिएस्टर लावू या ना, आंटी. सेम दिसेल. आज्जीला दिसत पण नाही नीट." मग स्वतःच म्हणाली, "नाही. हात लावून बघेल. तिला कळणार."

सोम., १९ जानेवारी

सांगितलं. ताप उतरला होता, पण पडूनच होत्या. भिंतीला जुनं शिलाईमशीन, त्यावर झाकण, झाकणावर औषधं.

मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "जरीतून करंट जातो?"

"करंट नाही आजी. बोटीत बॅटरी आहे, तिने कुणाला काही होत नाही. रिमोटचं बोलणं अडतं."

"म्हणजे जातो की."

उपाय सोपा आहे, तोही सांगितला. रिसीव्हरची एक बारीक वायर मंडपाबाहेर काढायची, बोटभर. नळीत घालून कळसाशेजारी उभी करायची. जरी तशीच राहील.

खंडोजीराव तिथेच होते. "देवाच्या डोक्यावर वायर? तुमच्यात चालत असेल."

"मग मागे लावू. झेंड्याच्या काठीला. देवापेक्षा खाली."

ते चाललं असतं, त्यांच्या तोंडावर दिसलं. पण सोयराबाई उठून बसल्या. "बेडा. नको. बाहेर वायर नको." बोटभरच आहे, आजी. "बोटभर असू दे, केसाएवढी असू दे. देव निघाल्यावर वायर दिसता नये. आणि काठाला काही बांधायचं नाही. ती तुमची दोरी पण नाही."

दोरीशिवाय! थांबली तर आणणार कोण? पाण्यात उतरायचं नाही, हा ठराव यांचाच.

दमले मी. सरळ म्हटलं, मग साडी काढा. चैत्राने माझ्याकडे पाहिलं. मला माझा आवाज आवडला नाही.

सोयराबाई म्हणाल्या, "साडी नाही. जरी काढते." आणि चैत्राला, "ते आण गं, ते — टाके काढायचं. मशीनच्या खणात आहे बघ."

मंग., २० जानेवारी

मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ताप उतरल्या उतरल्या हे काम?" हो. "आणि तू करू दिलंस?" मी दिलं नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही.

शुक्र., २३ जानेवारी

गेले होते बघायला. खिडकीत बसतात, ऊन असेपर्यंत. पदर मांडीवर. विणीतून एकेक जरीचा धागा सुईने उचलायचा, कापायचा, ओढायचा. रेशीम तुटता कामा नये. दिवसाला चार बोटं होतं. चष्मा असूनही नजरेने नाही, बोटाने करतात. बोटांच्या टोकांना लाल चिरा.

चैत्रा रजा टाकून शेजारी बसली आहे. तिला हात लावू देत नाहीत. "उसवणे," ती मला म्हणाली. "नवीन वर्ड मिळाला."

"उसवणे शिवणीचं," सोयराबाई मान वर न करता म्हणाल्या. "हे उसवणं नव्हे. हे काढणं."

मी म्हटलं, पुरे आजी, दोन बाजू मोकळ्या झाल्या तरी चालेल. "साकु, पुरे, म्हणू नकोस. एक धागा राहिला आणि त्या धाग्याने घात केला तर? तू सांगशील मला, हाच तो धागा?"

सांगता येणार नाही. कुणालाच.

काढलेली जरी वाटीत. हलकी, विस्कटलेली. कानातल्याएवढीही भरणार नाही.

रवि., २५ जानेवारी

मिलिंदने डॉक्टरची वेळ घेतली. मी गेले नाही. भांडण. मग त्यानेच बोटीच्या तळाला वंगण भरलं. चुकीच्या जागी.

बुध., २८ जानेवारी

जरी निघाली. जिथे होती तिथे रेशीम फिकट, उभ्या धाग्यांची जाळी. पूर्वीचा पदर ओळखू येतो, पण रिकामा. सोयराबाईंनी मागून मलमल लावून तो सावरला आहे. मीटर लावला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. गप्प.

तळ्यावर मंडपासकट पाच फेऱ्या. एकदाही थांबली नाही. खंडोजीरावांनी स्वतः दोरी सोडली.

"आता तुमचं नशीब," म्हणाले. "नाही, मेडम, आपलं."

शनि., ३१ जानेवारी

बॅटरी भरली. दुसरी पण भरली. रिमोटचे सेल नवे. सगळे जोड हाताने ओढून पाहिले. आणखी काही करण्यासारखं नाही. तरी टेबलावरून उठवत नाही.

रवि., १ फेब्रुवारी

झालं.

क्रमाने लिहिते. संध्याकाळी सव्वासहाला पोचलो. उजेड होता. फाटकाचं कुलूप उघडलं होतं आणि पायऱ्या माणसांनी भरलेल्या. मला वाटलं होतं पन्नासेक असतील. दोनशे तरी! बायका जरीच्या साड्यांत — मी नको तितक्या वेळा त्या काठांकडे पाहिलं.

देव बसला. मंडपाचे पडदे सोडले. टाळ सुरू. खंडोजीराव हळूच म्हणाले, "मोठ्या माणसाच्या हाताने सुरू करू या." मला पटलं. मीच रिमोट सोयराबाईंपुढे धरला. बारीकसं बटण आहे, दाबलं की दिवे लागतात आणि मोटरला परवानगी मिळते. म्हटलं, तुम्ही दाबा, आजी.

"नको गं."

"तुमचाच मान आहे."

"नको. चैत्राला दे. नाहीतर तूच दाब."

लोक थांबले होते. पाठ ठणकत होती. मला हे सगळं एकदाचं संपवायचं होतं. खरं कारण हेच. मी हसून त्यांचा अंगठा हातात घेतला, बटणावर ठेवला आणि वरून दाबला. थंड होता अंगठा. मंडपात दिवे लागले. टाळ्या.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भक्तीने.

पहिली फेरी. दुसरी. दुसरीच्या अर्ध्यावर टाळ आपोआप मंद झाले, सगळ्यांना ठाऊक होतं कुठली जागा आहे ती. बोट तिथून गेली. पलीकडे वळली. तिसरी. पायरीला लागली तेव्हा माझ्या हाताला एवढा घाम की रिमोट निसटला, मिलिंदने झेलला.

चैत्रा रडत होती. खंडोजीराव फेटा सोडून त्यानेच डोळे पुसत होते आणि ओरडत होते, "स्लॅब गेला खड्ड्यात! पुढच्या वर्षी मोठी बोट!" मिलिंद म्हणाला, "माझी पँट अजून दिली नाही त्यांनी."

सोयराबाईंना शोधलं. घरी गेल्या होत्या. प्रसाद न घेता.

सोम., २ फेब्रुवारी

दिवसभर झोपले. बोट गाडीच्या डिकीतच.

मंग., ३ फेब्रुवारी

सकाळी सोयराबाई आल्या. एकट्या, दोन बस बदलून. कॉफी घेतली नाही.

म्हणाल्या, "वायर आमच्या घरातून गेलेली. देवळात तेव्हा करंट नव्हता. आरती सुरू झाली, कुणी हाक मारली, लाइट लावा. घरात मी एकटी. बटन मी दाबलं. टाळ्या ऐकल्या. म्हटलं, दिवे छान दिसत असतील." नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. ज्याच्यावर केस झाली, तो गाव सोडून गेला तेव्हाही नाही.

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "परवा तीन झाल्या ना? मी बघितलं नाही. तिन्ही झाल्या?"

झाल्या, म्हटलं. देव परत आला, आजी. पायरीपर्यंत.

थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.